भिंतीबाहेरचे दोन राजे

१

पुनाराम कपगते यांच्या डोक्यात सब्बल तीनदा बसली होती. पहिला घाव मागून, उरलेले दोन ते पडल्यावर. उजव्या कानावरची कवटी आत गेली होती. रक्त सतरंजीत मुरून भिंतीशी रचलेल्या स्वयंपाकाच्या गंजांपर्यंत पोचलं होतं.

सडक अर्जुनीला हायवेलगत एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या भांड्यांच्या खोलीत हे घडलं. बाहेर सभागृहात बुद्धिबळाची खुली स्पर्धा चालू होती. जेवणाची सुट्टी संपली तरी कपगते जागेवर आले नाहीत, म्हणून आयोजक गुड्डू टेंभरे त्यांना शोधायला गेला आणि उंबऱ्यावरच ओकला. मांडववाल्यांची खड्डे खणायची लोखंडी सब्बल प्रेताशेजारी पडली होती. टोकाला पांढरे केस चिकटले होते.

ठाणेदार दामिनी रहांगडाले दोन शिपायांना घेऊन आल्या. त्यांनी आधी प्रेत पाहिलं, मग प्रेतासमोरचा पट. सतरंजीवर बुद्धिबळाचा एक डाव अर्धा मांडलेला होता आणि तो उधळला नव्हता. रक्ताचे शिंतोडे पटावर आणि मोहऱ्यांवर एका तिरक्या ओळीत उडाले होते. दामिनीबाईंनी रुमालानं एक घोडा उचलला. खालचं घर कोरडं, स्वच्छ होतं. म्हणजे घाव बसले तेव्हा सगळे मोहरे आत्ता होते तिथेच उभे होते.

त्यांनी पटाचा फोटो काढला.

"मॅडम, पटाचं काय घेऊन बसल्या," हवालदार रामलाल म्हणाला. "मारणारा सापडलाय. लोकांनी पकडून ठेवलाय."

तेवढ्यात सभागृहातून हाड मोडल्याचा आवाज आला.

२

कपगते सौंदडच्या पलीकडच्या गावचे. मरणाची बातमी फोनवरून गावात पोचली आणि ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली. पुढे होता त्यांचा पुतण्या प्रफुल. त्यानं चोवीस वर्षांच्या हिमांशू बिसेनला खुर्च्यांच्या रांगेत आडवा पाडला होता, छातीवर गुडघा रोवला होता आणि ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी त्याच्या उजव्या कोपरावर घातली होती. हात उलट्या बाजूला वळला होता. आणखी दोघे त्याला लाथा घालत होते. एकाची चप्पल तुटली, तर तो अनवाणी पायानं घालू लागला.

दामिनीबाई धावत आल्या. त्यांची काठी प्रफुलच्या खांद्यावर आणि दुसऱ्याच्या नडगीवर बसली. शिपायांनी हिमांशूला ओढत स्टेजमागच्या वधूपक्षाच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

"थो मारेकरी हाय मॅडम," प्रफुल खांदा धरून म्हणाला. "सकाळी सगळ्याईच्या समोर काकाचं नाक फोडलं त्यानं. याईले इचारा."

"तू पाहिलंस त्याला मारताना?"

"पावाचं काय त्यात? त्याच्या शर्टावर रगत हाय."

"मी तपास करते. तू बाहेर थांब."

"थांबतो. पण आयकून घ्या." प्रफुलचा आवाज खाली आला. "गाडी येईल, काकाले चिरफाडीले नेतील. काका इथून निंगाले का आमी आत घुसतो. तुमची कडी किती वेळ टिकते थे पाहू."

त्याच्यामागे ट्रॉलीभर माणसं उभी होती. हातात काठ्या, टॉमी, एकाच्या हातात सत्तूर. देवरीहून जादा बंदोबस्त निघाला होता, पण पुलाच्या कामापाशी ट्रकांच्या रांगेत अडकला होता. ॲम्ब्युलन्सही त्याच रांगेत होती. कोण आधी पोचणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

३

सकाळी काय झालं याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

पहिल्या पटावर पांढरे मोहरे कपगत्यांचे, काळे हिमांशूचे. कपगत्यांनी पहिली चाल नेहमीचीच केली. राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. शिकलेला खेळाडू अशी सुरुवात सहसा करत नाही, कारण आपल्याच राजाशेजारची भिंत त्यानं फुटते. कपगते मात्र गेली कित्येक वर्षं प्रत्येक स्पर्धेत हीच चाल खेळत आणि बहुधा हरत. गोंदियाचे खेळाडू तिला 'पागल प्यादा' म्हणत. हिमांशूनं हसून ते प्यादं उंटानं खाल्लं. थोड्याच चालींत कर्णावरून पांढरा उंट आला आणि त्याचा हत्ती घेऊन गेला. पुढे वजीरही गेला. तेव्हा हिमांशूनं हार मानायची सोडून लाकडी घड्याळ उचललं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर मारलं.

खोलीत हिमांशू भिंतीला टेकून बसला होता. मोडका हात शिपायानं दुपट्ट्यानं गळ्यात बांधला होता. शर्टाच्या उजव्या बाहीवर रक्ताचे थेंब होते. पाण्याचा ओला डाग त्यांच्याभोवती पसरला होता.

"सुट्टीत कुठे होतास?"

"मागच्या नळावर. शर्ट धूत होतो."

"कोणी पाहिलं?"

"नाही." त्यानं दुपट्ट्यातला हात सावरला. "मॅडम, नाक मी फोडलं. ते मी केलं. चार पोरांसमोर पागल प्याद्याकडून हरलो, डोकं फिरलं. पण बाकीचं मी नाही केलं. कुडव्याला आई एकटी आहे, तिला फोन करू द्या."

दामिनीबाईंनी मोबाइलवरचा फोटो त्याच्यासमोर धरला. "हा तुमचा सकाळचा डाव?"

हिमांशूनं सुजल्या डोळ्यानं पाहिलं. दुखत असतानाही त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा डावच नाहीये. पांढरा राजा पाहा, भिंतीबाहेर, घोड्यासमोरच्या घरात बसलाय. शेजारचा उंट हललेला नाही, समोरची प्यादी हललेली नाहीत. तो तिथे गेला कुठून? आणि काळ्याचंही तेच. काळा वजीर तर राजाच्या घरात उभा आहे. अशक्य आहे. कोणीतरी मोहरे कसेही ठेवलेत."

बाहेर कोणीतरी खिडकीवर दगड मारला. काच फुटली. हिमांशूनं मान खाली घातली.

गुड्डू टेंभरे तोंड धुऊन आला होता. काल संध्याकाळी कपगते त्याच्याशी भांडले होते आणि "उचलून हायवेवर फेकून देईन" असं तो चारचौघांत म्हणाला होता.

"बोललो ना मॅडम, बोललो," तो म्हणाला. "बुढ्ढा रोज नवीन तक्रार. पंखा बदला, पट बदला, पंचाची खुर्ची माझ्यासमोर लावा. मी म्हटलं, बाबाजी, लग्न आहे का तुमचं? पण बोलणं वेगळं, सब्बल घालणं वेगळं. मला तर रक्त पाहून चक्कर येते. तुम्ही उंबऱ्यात पाहिलंच."

"पंचाची खुर्ची समोर का लावायची?"

"कोण जाणे. म्हणे, तोंड दिसलं पाहिजे."

फोटो पाहून तो लगेच म्हणाला, "गडबड है. गिर गए होंगे मोहरे. ऐसा बैठता ही नहीं राजा."

मुख्य पंच श्यामलाल वर्मा यांना गुड्डूनं दुर्गहून बोलावलं होतं. साठीकडे झुकलेला, दाढी राखलेला, हिंदीच बोलणारा शांत माणूस. वीज गेली होती. मे महिन्याच्या उकाड्यात सभागृहातला प्रत्येक माणूस गुंड्या सोडून वारा घालत होता. वर्मांनी पंचाचा काळा कोट गळ्यापर्यंत बंद केला होता. घाम त्यांच्या दाढीतून कॉलरवर ठिबकत होता.

"आप कपगतेजी को पहले से जानते थे?"

"जी नहीं. कल ही देखा."

"यह बोर्ड देखिए. क्या लगता है?"

वर्मांनी चष्मा वर केला, फोटोवर नजर फिरवली. "सीधी बात है. लड़का झगड़ने आया होगा, बुज़ुर्ग ने कहा होगा, बैठ, तुझे समझाता हूँ. दोनों खेल रहे थे. सफ़ेद थोड़ा अच्छा है. दोनों राजा सुरक्षित हैं. फिर लड़के को ग़ुस्सा आ गया."

"और कुछ खटकता है?"

"खटकने जैसा कुछ नहीं है, मैडम."

दामिनीबाईंनी मोबाइल खिशात ठेवला आणि त्यांचे आभार मानले.

४

कुंदाबाई कपगते पायरीवर बसल्या होत्या. नवऱ्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. त्या रडत नव्हत्या. दारापाशी फिरणाऱ्या प्रफुलकडे पाहून म्हणाल्या, "बस ना रे लेका एका जागी. कुत्र्यावानी काऊन फिरून राहिला?"

"तू चूप बस काकू."

"मी चूपच हावो. सव्वीस वरसं चूप हावो."

दामिनीबाई त्यांच्याशेजारी खाली बसल्या. "सव्वीस वर्षं म्हणजे?"

"याचा बाप मेला तवापासून." कुंदाबाईंनी प्रफुलकडे हनुवटी केली. "माहे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. आमी कोहळी समाजाचे, बाई. तलाव आमच्या पूर्वजाईनं बांधला. कोणाच्या धानाच्या बांधीत कवा पाणी सोडाचं थे भासरे ठरवत. गावातल्याच कवडूनं रात्री पाणी सोडाची मोरी फोडली आन् आपल्या बांधीत पाणी घेतलं. सकाळी भासऱ्यानं त्याले तलावाच्या काठावर, पाळीवर पकडलं. कवडूनं फावडं घातलं. मान अर्धी तुटली. म्या पायलं. पाणी लाल झालं होतं मोरीपावतर. हा प्रफुल तवा पाळण्यात होता."

"कवडू सापडला नाही?"

"पळाला. पोलीस हिंडले, मंग थेबी थकले. कवडू आन् माहा नवरा जिवाचे दोस्त होते. पाळीवर बसून दिवसभर बुद्धिबळ खेळत. जेवणाची सुद राहत नसे."

"तोच खेळ, जो ते इथे खेळत होते?"

"नाई बाप्पा. हा शयरातला. तो आमचा गावचा येगळा." कुंदाबाईंनी बोटानं पायरीवरच्या धुळीत घरं काढली. "आमच्यात राजासमोर राजा नाई ठेवत. राजासमोर वजीर. आन् राजाले एक खेप घोड्यावानी उडता येते, शह बसाच्या आंधी. पयले घोड्यापुढचं प्यादं सरकवाचं, घर रिकामं करावाचं, मंग राजा उडवून तेथी बसवाचा. मलेबी शिकवलं होतं त्याईनं. मी राजा उडवावाले भुललो का हासत."

दामिनीबाई धुळीतल्या घरांकडे पाहत राहिल्या. "हा खेळ आता गावात कोण खेळतं?"

"कोणीच नाई. मोबाइलवाले पोट्टे कायले खेळतील? म्हातारे मेले. हा आन् कवडू, दोघंच रायले होते."

"आणि स्पर्धेतही ते तेच प्यादं पहिलं चालवायचे."

"दरसाल तेच, आन् दरसाल हार. म्या इचारलं, काऊन जी, लोकं हासतात ना तुमाले. तं मनत, ज्याले समजाचं त्याले समजंल. कवडू खेळाबिगर जगू नाई शकत, कुंदा. कोठी ना कोठी पटापाशी भेटंल. प्यादं पायल्यावर त्याचा डोरा राजावर जाईल. बाकी सगळे प्यादं पायतात."

हायवेवर सायरन वाजला. दामिनीबाईंनी मान वळवली. ॲम्ब्युलन्स होती. बंदोबस्ताची गाडी तिच्यामागे दिसत नव्हती.

प्रफुलनं टॉमी उजव्या हातात घेतली.

५

"दोन माणसं आत घ्या," दामिनीबाई रामलालला म्हणाल्या. "कुंदाबाई आणि प्रफुल. प्रफुलची टॉमी बाहेर. दार लावून घ्या."

"टॉमी काऊन ठिवू?" प्रफुल म्हणाला.

"तुझ्या बापाला कोणी मारलं ते ऐकायचं असेल तर ठेव."

टॉमी फरशीवर पडली.

सभागृहात गुड्डू आणि वर्मा पहिल्या पटापाशी उभे होते. सकाळचा डाव हिमांशूनं सोडला तसाच होता. फक्त घड्याळ फुटलेलं. मागच्या टेबलावर विजेत्याचा करंडक संगमरवरी बैठकीवर चमकत होता.

दामिनीबाई हिंदी सोडून मराठीत बोलल्या.

"कपगत्यांसमोरचा डाव खरा आहे. मोहरे पडलेले नाहीत. रक्त उडालं तेव्हा ते तसेच उभे होते आणि खालची घरं कोरडी आहेत. पण आपल्या नियमांनी दोन्ही राजे तिथे पोचूच शकत नाहीत. हिमांशूला ते एका नजरेत दिसलं. गुड्डूला दिसलं. हे दोघे असा डाव खेळलेले असूच शकत नाहीत, कारण त्यांना तो खेळच माहीत नाही. कुंदाबाईंच्या गावच्या खेळात मात्र राजा एकदा घोड्यासारखा उडतो. तिथे हा डाव बिनचूक आहे."

त्या वर्मांकडे वळल्या.

"चुकीची चाल पकडणं हे तुमचं कामच आहे. अख्ख्या सभागृहात ज्याला हे राजे आधी खटकायला हवे होते, त्याला काहीच खटकलं नाही. उलट तुम्ही म्हणालात, दोन्ही राजे सुरक्षित आहेत. तुमच्या डोळ्याला ते घरी बसलेले दिसले. लहानपणापासून तसेच दिसत आलेत."

"मैडम, मैंने जल्दी में देखा. इतनी सी बात पर—"

"कोट काढा."

"जी?"

"सकाळच्या फोटोंत हा कोट तुमच्या खुर्चीला टांगलेला दिसतो. गुड्डू, होता ना?"

"होता," गुड्डू म्हणाला. "सगळ्या फोटोंत आहे."

"वीज गेली, लोकांनी गुंड्या सोडल्या, आणि तुम्ही कोट चढवून गळ्यापर्यंत लावलात. हिमांशूच्या बाहीवर नाकाचे थेंब आहेत. पडलेल्या माणसावर वाकून सब्बल घालणाऱ्याच्या छातीवर याहून जास्त असतं. कोट काढा."

वर्मा मागच्या टेबलाकडे सरकले. मग त्यांनी करंडक उचलला आणि रामलालच्या तोंडावर घातला. दात फरशीवर सांडले. दुसरा फटका दामिनीबाईंच्या कपाळाला चाटून गेला आणि त्यांच्या डोळ्यात रक्त उतरलं. वर्मा मागच्या दाराकडे धावले. प्रफुल आडवा आला, दोघे खुर्च्यांवर कोसळले. कोटाच्या गुंड्या तुटल्या. आतला पांढरा सदरा पोटापासून गळ्यापर्यंत तपकिरी झाला होता.

प्रफुलनं ते पाहिलं. त्याचे दोन्ही अंगठे वर्मांच्या नरड्यात रुतले. वर्मांचे पाय फरशीवर आपटू लागले, चेहरा काळा पडू लागला.

"सोड," दामिनीबाई म्हणाल्या.

प्रफुलनं सोडलं नाही. दामिनीबाईंनी काठी त्याच्या मनगटावर घातली. एकदा, आणि मग पुन्हा. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. तेव्हा कुठे अंगठे सुटले.

कुंदाबाई जवळ आल्या. खाली पडलेल्या माणसाची दाढी त्यांनी मुठीत धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"कवडूच होय," त्या म्हणाल्या.

६

बंदोबस्ताची गाडी तेव्हा पोचली. बेड्या पडल्यावर कवडू खाली बसला. त्याच्या तोंडातली हिंदी गेली होती.

"यादीत त्याचं नाव वाचलं होतं," तो म्हणाला. नरड्यातून आवाज फाटून येत होता. "वाटलं, मले कोण ओळखते आता. सकाळी त्यानं प्यादं चालवलं. म्या राजाकडं पायलं. मान वर केली तं तो माह्याचकडं पावून रायला होता."

"मग खोलीत का गेलास?" दामिनीबाईंनी विचारलं. त्यांच्या कपाळावर पट्टी बांधली जात होती.

"सुट्टीत त्यानं बलावलं. पट मांडून ठेवला होता. राजासमोर वजीर. मनला, बस. सव्वीस वरसं कोणी मले तसा पट मांडून देल्ला नव्हता, बाई. कोणाले किती माईत हाय थेबी पावाचं होतं. बसलो. त्यानं राजा उडवला, मंग म्याबी उडवला. तवा तो मनला, कवडू, भाऊनं तुले पाण्यासाठी कवा नाई मनलं होतं काय? एक रात थांबाची तं गोष्ट होती."

"तू काय म्हणालास?"

"काई नाई. म्या उठलो. तो मनला, थांब, चाल माही हाय, आन् पटावर वाकला." कवडूनं बेडीतले हात मांडीवर ठेवले. "सब्बल दारामागंच होती."

कुंदाबाईंनी ते सगळं ऐकलं.

हिमांशूला ॲम्ब्युलन्समध्ये न्यायला आणलं, तेव्हा दारात मनगट छातीशी धरून बसलेला प्रफुल त्याच्या वाटेत होता. दोघांनी एकमेकांच्या मोडक्या हातांकडे पाहिलं. प्रफुलनं पाय आवरून वाट दिली.

"माफी मांगाले तोंड नाई मले," तो म्हणाला.

हिमांशू पुढे गेला नाही. तो वळून सभागृहात आला, पहिल्या पटापाशी. सकाळच्या डावात काळा राजा अजून उभाच होता. त्यानं घड्याळ मारलं होतं, हार मानली नव्हती, म्हणून त्या डावाचा निकालच लागला नव्हता.

"हे काय करून राहिला हा?" कुंदाबाईंनी विचारलं.

"आमच्यात हरला की राजा आडवा करतात, माय," हिमांशू म्हणाला. "बाबाजी जिंकले होते. मी मानलं नाही."

डाव्या हाताची त्याला सवय नव्हती. राजा पहिल्यांदा निसटून नुसता हलला आणि पुन्हा उभा राहिला. त्यानं तो नीट धरला आणि पटावर आडवा ठेवला.

मग दोन शिपायांनी कुंदाबाईंना भांड्यांच्या खोलीत नेलं. आता नवऱ्याजवळ जायला हरकत नव्हती.